सरळ बाजूचा शंकू

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत एका छायाचित्राखाली अशी ओळ छापली आहे: ‘गणित विभागातील लाकडी शंकू. तत्कालीन मुख्याध्यापकांनी नागपूरहून मागविलेला.’ एका ओळीत दोन चुका करणे सोपे नसते, पण स्मरणिका समितीने ते साधले आहे. शंकू नागपूरहून आला नाही. मुख्याध्यापकांनी नागपूरहून जे मागवले, ते आजतागायत पोहोचलेले नाही.

दुसरी हकिकत माझ्या एका विद्यार्थ्याची. तो मोठा अभियंता झाला आणि निवृत्तही झाला. शाळेच्या समारंभात त्याने भाषणात सांगितले की सरांनी शंकू टेबलावर आडवा ठेवला, त्यावर गोटी ठेवली आणि गोटी खिळा ठोकल्यासारखी जागेवर थांबली. टाळ्या पडल्या. गोटी थांबली नव्हती.

तिसरी हकिकत लोहाऱ्याला फर्निचरचे दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थाची. ज्या खरादीने तो शंकू कातला, त्यांचा हा नातू. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की भूमिती माझ्या आजोबांनी मास्तरला शिकवली आणि मास्तरने त्यांचे नाव गिळले. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. तेव्हा मी त्याच्या दुकानात खुर्ची पाहत होतो. खुर्ची न घेता बाहेर पडलो.

तिघांनीही अर्धीच गोष्ट सांगितली आहे. त्या खोलीत उभा असलेला मी अजून जिवंत आहे आणि माझी स्मृती माझ्या गुडघ्यांपेक्षा बरी आहे. म्हणून हे लिहितो.

विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी या शाळेत नुकताच लागलो होतो. अकरावीला उच्च गणित घेणारे सातच विद्यार्थी होते. त्यांतले चौघे आसपासच्या तांड्यांवरून पायी येत. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातलेला, वडील शेतीत स्थिरावलेले, आणि या मुलांना रस्ते आणि पूल बांधण्याचे शिक्षण घ्यायचे होते. त्या शिक्षणाचे दार उच्च गणिताशिवाय उघडत नव्हते. यवतमाळला खोली करून शिकणे त्यांना परवडणारे नव्हते. आमच्या शाळेतला वर्ग हाच त्यांचा एकमेव रस्ता होता.

आणि त्याच वर्षी खात्याचे पत्र आले. विद्यार्थी थोडे, साधने नाहीत, शिक्षक नवखा. तेव्हा तपासनीस समक्ष येऊन पाहतील आणि समाधान न झाल्यास हा विषय बंद करण्यात येईल.

मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, पण त्यांना कुठल्याही पत्राशी भांडण्याची हौस नव्हती. ते म्हणाले, “सातच तर मुले आहेत, गुरुजी. शेतकी देऊन टाकू. जमिनीचीच मुले आहेत ती.”

मी म्हणालो, “जमिनीची आहेत, म्हणूनच त्यांना जमीन मोजायला शिकू द्या.”

त्यांनी सुस्कारा टाकला आणि नागपूरच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानाला मागणीपत्र पाठवले: एक लाकडी शंकू, छेद दाखवणारा. त्या पत्राची प्रत शाळेच्या फायलीत आहे. स्मरणिका समितीने ती प्रत वाचली आणि वस्तू आली असे समजून घेतले. उत्तराचे पत्र फायलीत नाही, याचा विचार कोणी केला नाही.

शंकू कशाला हवा होता, हे सांगणे भाग आहे. वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त या चार वक्ररेषा एकाच शंकूच्या पोटी जन्मतात. तळाला समांतर कापला की वर्तुळ. जरा तिरपा कापला की लंबवर्तुळ. बाजूच्या उताराला नेमका समांतर कापला की अन्वस्त, ज्याचे दोन बाहू पुन्हा कधी भेटत नाहीत. त्याहूनही उभा कापला की अपास्त. माझी मुले यांची समीकरणे झरझर सोडवत. पण तांड्यावरच्या एकाने एके दिवशी विचारले, “सर, या चौघाईचं आडनाव एकच कसं काय?” सगळे हसले. मीही हसलो, आणि मग फळ्याकडे वळून पाहिले तर त्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर कुठेही नव्हते. शंकू कापून दाखवल्याशिवाय ते देता येणार नव्हते, आणि तपासनीस नेमके तेच विचारणार हे मला कळत होते.

मी प्रथम जाड मुळा घेतला. तो कुठेच सरळ नव्हता. घरी जाऊन भाजीत पडला. मग शेतातल्या काळ्या मातीचा शंकू वळला आणि रात्रभर ओट्यावर ठेवला. आपली काळी माती वाळताना काय करते हे या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने विसरू नये, मी विसरलो. सकाळी शंकूला उन्हाळ्यातल्या वावरासारख्या भेगा पडल्या होत्या.

माझी सासुरवाडी बोरी अरब. लग्नाला वर्ष झाले नव्हते. तिथे माझ्या सासऱ्यांच्या गल्लीत एक खरादी होते. बाजेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी आणि भोवरे त्यांच्या खरादावर कातले जात. खाली बसून ते पटाशी धरत आणि समोर बसलेला त्यांचा धाकटा भाऊ चामड्याचा पट्टा पुढे-मागे ओढून लाकूड फिरवत असे. दर रविवारी मी सायकलने तिथे जाऊ लागलो. एका घराचा जावई तो सगळ्या गावाचा जावई, ही तिथली रीत. त्यामुळे खरादीचाचांना मला नाही म्हणता येत नव्हते, आणि मला त्यांच्यासमोर आवाज चढवता येत नव्हता. तीन रविवार आम्ही आवाज न चढवता भांडलो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड भांडण.

पहिल्या रविवारी मी कागदावर आकृती काढून दिली आणि दुसऱ्या रविवारी शंकू तयार होता. सुंदर होता. सागवानाच्या रेषा वरपर्यंत जुळत गेलेल्या, हात फिरवला तर कुठे खरखर नाही. मी खिशातली पट्टी काढून त्याच्या बाजूला टेकवली. पट्टी मध्यभागी टेकली आणि दोन्ही टोकांशी उजेड दिसला.

“चाचा, याले पोट काहून आहे?”

“ठेवाच लागते थोडं.” त्यांनी वरही पाहिले नाही. “बिलकुल सीधं कातलं तं मधात खोल गेल्यावानी दिसते. माह्या बापानं मले असंच शिकवलं. बाजेचा पाय घ्या, पाळण्याचा खांब घ्या, समद्याले थोडं पोट हाय. तुमची पट्टी सीधी असन जवाईबापू, माणसाची नजर सीधी नसते.”

“मले नजरेसाठी नाही पाहिजे, चाचा. पट्टीसाठी पाहिजे.”

“पट्टी काय भोवरा फिरवते?”

दुकानात बसलेले दोघे-तिघे हसले. मी समजावले की बाजू फुगीर असली तर कापल्यावर निघणारी रेष लंबवर्तुळ नसेल, अन्वस्तही नसेल; तिला काही नावच नसेल. चाचा म्हणाले, “नाव नसलं म्हणून काय झालं? दिसायले चांगली हाय ना?”

पट्टा ओढणारा भाऊ दम खात म्हणाला, “भाऊ, जवाई पहिल्यांदाच काही मांगून राह्यले. देऊन टाक ना सपाट.”

“सपाट नाही, सरळ,” मी म्हणालो.

“घ्या,” चाचा म्हणाले. “आता भाषाबी शिकवते हे.”

आता जो नातू म्हणतो की आजोबांनी मास्तरला भूमिती शिकवली, त्याने इथे थांबून वाचावे. पहिला शंकू चुकीचा होता. तो चुकीचा आहे हे त्या गल्लीत एकट्या माझ्या पट्टीने सांगितले, आणि ते सांगताना स्वतःचे हसे करून घेण्याची तयारीही एकट्या माझीच होती. चाचांच्या हाताला जे पिढ्यांचे वळण होते, ते बाजेच्या पायाला योग्य आणि शंकूला अयोग्य होते. एवढा एक मुद्दा मी सोडला नाही. सोडला असता तर पुढे जे घडले ते घडूच शकले नसते.

तिसऱ्या रविवारी दुसरा शंकू कातला जाताना मी समोर बसलो होतो. पटाशीच्या प्रत्येक फेरीनंतर चाचा पट्टा थांबवायला सांगत, माझी पट्टी हातात घेत, बाजूला लावत आणि पुटपुटत, “मुर्दा दिसते. जान नाही याच्यात.” अखेर काम संपले. मी पट्टी लावली. उजेड कुठेही नव्हता. मी दुसऱ्या बाजूने लावली, तिसऱ्या बाजूने लावली, तेव्हा चाचांचा संयम सुटला. त्यांनी शंकू माझ्या हातातून घेतला आणि समोरच्या पाटावर आडवा टाकला.

“पाहा! डुलते काय? सांगा, डुलते काय?”

डुलत नव्हता. शेंड्यापासून तळापर्यंत त्याची एक बाजू पाटाला चिकटून होती. शेजारी त्यांनी पहिला शंकू आडवा ठेवला. तो पाळण्यासारखा डुलत राहिला.

माझी पुढची अडचण वेगळी होती. अन्वस्तासाठी करवत बाजूच्या उताराला नेमकी समांतर चालायला हवी. मी कोनमापकाने मोजून, पेन्सिलीने रेघ मारून, ती पुसून, पुन्हा मारून बेजार झालो होतो. कारण गोल वस्तूवर मारलेली रेघ जिकडून पाहावी तिकडून वेगळी दिसते. चाचांनी विचारले, हे काय चालले आहे? मी सांगितले.

ते पाटावर आडव्या पडलेल्या शंकूकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मंग कोन कायले मोजून राह्यले? उतार तं खाली लेटला हाय ना. पाटाले समांतर करवत चालवा, झालं.”

आणि त्यांनी शंकूच्या दोन्ही अंगांना सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या, करवतीचे पाते त्या दोन्हींवर टेकवले आणि तसेच सरळ ओढत नेले. वरचा तुकडा अलगद सुटला. खालच्या तुकड्यावर अन्वस्त होते. मी पुस्तकांत पाहिलेल्या कोणत्याही आकृतीपेक्षा खरे.

मी तो तुकडा उचलून त्याच्या कडेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवले.

“काहून? चुकलं काय?”

“नाही, चाचा. हे पुस्तकात नाही.”

“मंग टाका पुस्तकात.”

ही युक्ती त्यांची. मी हे तेव्हाही मान्य केले आणि आजही करतो. पण डुलणाऱ्या शंकूवर ती चालली नसती. शंकू पाटावर निश्चल पडला तो त्याची बाजू सरळ होती म्हणून, आणि बाजू सरळ होती ती माझ्या हट्टामुळे. आमच्या दोघांच्या वाट्याची ही सीमा मी साठ वर्षांत हलवलेली नाही, आणि दुसऱ्या कोणालाही हलवू देणार नाही.

बाकीचे तीन छेद सोपे होते. अडचण राहिली ती करवतीने खाल्लेल्या लाकडाची. तुकडे पुन्हा जुळवले की प्रत्येक छेदाशी फट राही आणि शंकू कंबर मोडल्यासारखा दिसे. ती फट भरायला जाड कागद हवा होता. घरी आमच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या, जाड पिवळ्या कागदाच्या. तीन पत्रिका एकावर एक चिकटवल्या की करवतीच्या पात्याएवढी जाडी होत होती. मी प्रत्येक छेदाच्या आकाराच्या पत्रिका कापून, बाभळीच्या डिंकाने चिकटवून, वरचा कोरा भाग लाल शाईने रंगवत बसलो होतो, तेव्हा पत्नी दारात येऊन उभी राहिली.

“आपल्या लग्नाच्या पत्रिका कायले कापून राह्यले?”

“लग्न झालं ना. आता काय कामाच्या?”

“बरं हाय. मले वाटलं, दुसऱ्याची तयारी चालली.”

तपासनीस हिवाळ्यात आले. उंच, अबोल, जाकिटाच्या खिशात घड्याळ. मुख्याध्यापक दाराशी उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर शेतकी विषयाची तयारी स्पष्ट दिसत होती. सातही मुले ताठ बसली होती. तपासनिसांनी शंकू उचलला, एकेक तुकडा काढून पाहिला, छेदांवरून बोट फिरवले. अन्वस्तापाशी थांबले.

“हा छेद बाजूला समांतर आहे, हे कशावरून? कोन मोजला?”

“नाही, साहेब. मोजला असता तर चुकला असता.”

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. मी शंकूचा खालचा भाग टेबलावर आडवा ठेवला. अन्वस्ताचा सपाट छेद वर आला. मी म्हणालो, “बाजू टेबलाला टेकली आहे. छेद बाजूला समांतर असेल, तर तो टेबलालाही समांतर असला पाहिजे. कोणाजवळ गोटी आहे?”

अकरावीच्या विद्यार्थ्यांजवळ गोटी असू नये. चौघांच्या खिशातून निघाली. मी एक घेऊन छेदावर ठेवली.

गोटी घरंगळली. छेदावरून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर, आणि जमिनीवरून थेट तपासनिसांच्या बुटापर्यंत. माझा अभियंता विद्यार्थी नेमका हाच क्षण भाषणातून वगळतो. मला वाचवण्यासाठी वगळत असेल, पण मला वाचवण्याची गरज नव्हती. एका क्षणात मला पाटावर आडवा पडलेला तो शंकू आठवला आणि माझी खात्री होती की चूक लाकडात नाही. मी वाकून गोटी उचलली आणि शंकू बाजूला सारून ती थेट टेबलावर ठेवली. ती त्याच दिशेला, त्याच संथपणे घरंगळली. मग टेबलाच्या एका पायाखाली खडूचा डबा सरकवला, गोटी टेबलावर स्थिर झाली, शंकू पुन्हा आडवा ठेवला आणि गोटी छेदावर ठेवली.

आता ती थांबली. पण पुरावा तिच्या थांबण्यात नव्हता. टेबल कलते तेव्हा छेदही तेवढाच कलतो, हा पुरावा होता, आणि तो गोटी घरंगळल्याशिवाय मिळाला नसता. ज्याने पूल बांधले त्याने ही गोष्ट विसरावी, याचे मला वाईट वाटते.

तपासनीस त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. “टेबल बदला,” ते मुख्याध्यापकांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “ही आडवे ठेवून कापण्याची कल्पना तुमची?”

इथे मी थांबलो. या थांबण्याविषयी कोणीही लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. उत्तर तोंडात तयार होते आणि ते एका अक्षराचे होते. ते दिले असते तर बोरी अरबच्या गल्लीबाहेर कोणाला कधी कळले नसते. नातू म्हणतो ते अगदीच हवेतून आलेले नाही. तेवढा एक श्वास त्याचे म्हणणे खरे होते. मग मी म्हणालो, “बोरी अरबच्या खरादीची, साहेब. सरळ बाजूचा हट्ट माझा.”

सात मुलांनी हे ऐकले. त्यांतली पाच अजून हयात आहेत. ज्याला विचारायचे त्याने विचारावे.

वर्ग राहिला. त्या सातांपैकी चौघे अभियांत्रिकीला गेले, त्यांत तांड्यावरचे तिघे. तपासणीनंतरच्या रविवारीच मी चाचांना निकाल सांगितला होता. ते भोवरा कातत होते. म्हणाले, “साहेबाले तो पोटाचा शंकू दाखवला काय?” मी म्हणालो, नाही. “दाखवायचा होता. तोच चांगला दिसते.” तो त्यांनी शेवटपर्यंत दुकानाच्या फळीवर ठेवला होता.

गेल्या महिन्यात मी स्मरणिका घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापिका माझ्या नातीच्या वयाच्या आहेत. त्यांनी काचेचे कपाट उघडले आणि अतिशय नम्रपणे विचारले, “सर, हा शंकू इथलाच आहे याला काही आधार आहे का? फायलीत तर मागणीपत्र आहे.” प्रश्न रास्त होता. आधार मागणारा माणूस मला आवडतो.

मी अन्वस्ताचा तुकडा काढला. लाल शाई विटकरी झाली होती आणि डिंकाचा भुगा झाला होता. नखाने वरची पत्रिका उचलली तेव्हा खालच्या पिवळ्या कागदावर छापील अक्षरे दिसली. बाईंनी मोठ्याने वाचले: “आमचे येथे श्रीकृपेकरून…” पुढे माझे नाव अर्धे होते, बाकीचे अन्वस्ताच्या कडेने कापले गेले होते. पत्नीचे नाव मात्र पूर्ण होते आणि त्याखाली विवाहस्थळ, बोरी अरब.

“नागपूरच्या दुकानाने,” मी म्हणालो, “माझी लग्नपत्रिका कशी मिळवली, हे समितीला विचारा.”

बाई हसल्या आणि लगेच नवे लेबल लिहायला बसल्या. ‘बोरी अरब येथील खरादी व शाळेचे गणितशिक्षक यांनी बनविलेला.’ मी सांगितले, क्रम उलटा आहे. आधी बाजू सरळ झाली, मग छेद झाला. त्यांनी कागद बदलला: ‘सरळ बाजू: शाळेचे गणितशिक्षक. छेद: बोरी अरब येथील खरादी.’ त्याची एक प्रत मी लोहाऱ्याच्या दुकानात पोहोचवली. नातवाने ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मला बसायला खुर्ची दिली. तिची बैठक एका बाजूला कलती होती. मी त्याला ते सांगितले.

बाईंना ती पत्रिका चौकटीत घालून भिंतीवर लावायची होती. मी नाही म्हणालो. घरून बाभळीचा डिंक नेला आणि ती स्वतःच्या हाताने जागेवर चिकटवली. ती बाहेर काढली तर अन्वस्ताशी पुन्हा फट पडते आणि शंकू पुरा होत नाही. पत्नीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे माह्यं नाव आत, अन् तुम्ही बाहेर लेबलावर.” बाकी कोणाला शंका असेल, तर शंकू कपाटात आहे, उघडून वाचावे.